वस्तीवरच्या कुत्र्याचा घास

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शेतवस्तीवरच्या कुत्र्याचे रोजचे जेवण म्हणजे भाकरी. सकाळी रात्रीची शिळी भाकरी कुस्करून त्यावर ताक नाहीतर दूध, आणि रात्री घरच्यांची जेवणे उरकली की उरलेल्या आमटीत कालवलेला काला. भांडे बहुधा फुटके घमेले किंवा चेपलेली जर्मलची थाळी. कोंबडी किंवा मटण शिजले तर त्यातली हाडे. पूर्वेला आणे पठारावर आणि बेल्ह्याच्या बाजूला ही भाकरी बाजरीची असते. पश्चिमेला नाणेघाट, डिंभे, भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात ती नाचणीची किंवा तांदळाची होते आणि जोडीला भात येतो. घरातल्या अन्नातून कुत्र्याचा घास काढून ठेवणे ही जुनी रीत आहे. धामणखेल आणि वडजच्या खंडोबाला जाणाऱ्यांना देवाच्या पायाशी असलेला कुत्राही ओळखीचा असतो.

शहरांत ‘नैसर्गिक आहार’ म्हणून ज्याची आज चर्चा होते, ते घरचे, ताजे, डब्यात न भरलेले अन्न इथल्या कुत्र्याला पिढ्यान्पिढ्या मिळत आले आहे. तरीही वस्तीवरची पिल्ले वाकड्या पायांची निघतात, कुत्र्यांचे केस निस्तेज होतात, कातडीवर खपल्या धरतात आणि फार थोडे कुत्रे दहा वर्षे पाहतात. अन्न नैसर्गिक असणे आणि ते पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय कुत्र्याचे आरोग्य थाळीत सुरू होते, थाळीत संपत नाही. त्यात साखळी येते, गोचीड येते, लस येते आणि या दोन तालुक्यांत रात्रीचा बिबट्याही येतो.

भाकरी हे कुत्र्याचे अन्नच नव्हे, तो लांडग्याच्या कुळातला, त्याला फक्त मांस द्यावे, असे सांगणारे अनेक असतात. ते अर्धवट खरे आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिठूळ अन्न पचवणारे अमायलेज हे पाचकद्रव्य स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाने शेती सुरू केल्यावर त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचे पोट धान्याला सरावले. बाजरी, ज्वारी, तांदूळ, नाचणी त्याला पचते, फक्त नीट शिजलेली हवी. कच्चे पीठ पाण्यात कालवून दिले तर त्यातला बराच भाग न पचता बाहेर पडतो.

दुधाचे उलटे आहे. पिल्लू आईचे दूध पचवते. मोठे होताना दुधातली साखर फोडण्याची त्याची ताकद उतरत जाते. म्हणून मोठ्या कुत्र्याला वाटीभर गाईचे दूध पाजले की अनेकदा हगवण लागते आणि दोष भाकरीच्या माथी जातो. दही आणि ताकात ही साखर कमी असते. ताकभाकरीची घरोघरची सवय म्हणूनच दूधभाकरीपेक्षा चांगली, मात्र ताक बिनमिठाचे हवे.

आता भाकरीत काय कमी पडते ते आकड्यांत पाहावे. पंधरा किलोच्या, दिवसभर हिंडणाऱ्या गावठी कुत्र्याला रोज सुमारे ८५० कॅलरी लागतात. एक भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची धरली, तर साडेतीन भाकऱ्यांत त्या भरून निघतात. पोट भरते, कुत्रा उपाशी दिसत नाही, आणि फसगत इथेच होते. कुत्र्याच्या खाद्याच्या प्रचलित मानकांप्रमाणे दर हजार कॅलरींमागे ४५ ग्रॅम प्रथिने असावीत, म्हणजे या कुत्र्याला दिवसाला ३८ ग्रॅम. बाजरीत शेकडा अकराच्या आसपास प्रथिने असतात. साडेतीन भाकऱ्यांतून जेमतेम २७ ग्रॅम मिळतात आणि त्यांतही लायसीन हा आवश्यक घटक तोकडा असतो. कॅल्शियमची तूट त्याहून मोठी आहे. रोज एक ग्रॅमच्या आसपास हवे, तिथे बाजरीतून त्याचा जेमतेम दहावा भाग मिळतो. उलट फॉस्फरस भरपूर. हे प्रमाण उलटे झाले की शरीर रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतून ते ओढू लागते. वाढत्या पिल्लाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, ते चालताना कुईकुई करते आणि उडी मारताना हाड मोडते. लोक म्हणतात, पिल्लू ‘पायातून गेलं’. नुसते मांस खाऊ घातलेल्या पिल्लाचेही हेच होते, कारण मांसातही फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नगण्य. उन्हात ठेवून हा दोष जात नाही. माणसाप्रमाणे कुत्र्याच्या कातडीत उन्हामुळे पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते. तिसरी उणीव जस्ताची. धान्यातले फायटेट जस्ताला बांधून ठेवते. तोंडाभोवती, डोळ्यांभोवती आणि कोपरांवर खपल्या धरल्या की खरूज समजून लोक जळके तेल चोपडतात. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले तर कधी कधी कारण थाळीत निघते.

यावरचा उपाय महाग नाही. त्याच कुत्र्याला अडीच भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी आणि पन्नास ग्रॅम शिजवलेले बिनहाडाचे चिकन दिले, तर कॅलरी तेवढ्याच राहतात आणि प्रथिने चाळिशीपार जातात. चिकनऐवजी वीस ग्रॅम सुकट चालते, पण ती आधी दोन पाण्यांत भिजवून खारटपणा काढायला हवा. शाकाहारी घरात वाटीभर शिजवलेला हुलगा, मठ किंवा मुगाची डाळ आणि दही यांवर बरेच काम भागते, त्यात अंडे चालत असेल तर फारच बरे. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफले उकळून, वाळवून, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक करावीत. या पुडीचा रोज अर्धा चहाचा चमचा भाकरीत मिसळला की मोठ्या कुत्र्याची गरज भागते. नाचणीत बाजरीच्या जवळपास दहापट कॅल्शियम असते. डोंगरपट्ट्यातली ही भाकरी खाली बागायतीतल्या पिल्लांसाठीही करण्याजोगी आहे, तिच्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नसले तरी. आठवड्यातून एक-दोनदा सुपारीएवढे दोन-तीन तुकडे शिजवलेली कलेजी, चमचाभर तेल, थोडा लाल भोपळा किंवा गाजर यांनी बाकीची बरीच उणीव भरते. पिल्लाला, गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्रीला मात्र हे सगळे दुप्पट काळजीने द्यावे लागते. कुत्रीला पाच-सहा पिल्ले झाली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची गरज एरवीच्या दुपटीच्या पुढे जाते. नेमक्या त्याच दिवसांत ती हाडांचा सापळा होऊन उकिरड्यावर दिसते.

तयार खाद्याच्या पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेले असेल तर त्यात वरची गणिते आधीच मांडलेली असतात, आणि परवडत असेल तर पिल्लाच्या पहिल्या वर्षात त्याचा उपयोग आहे. पाकिटबंद खाद्याचा इतिहास तसा फार जुना नाही. कुत्र्याचे बिस्किट जेम्स स्प्रॅट याने लंडनमध्ये १८६०च्या दशकात विकायला आणले. त्याविरुद्धची कच्च्या मांसाची चळवळ इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याच्या १९९३ सालच्या पुस्तकाने पसरली. पुढे ‘धान्यमुक्त’ खाद्याची टूम आली. अशा खाद्याचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली. बाजरीच्या भाकरीला कमी लेखण्याचे कारण या टुमेत नाही.

या भागाची खरी अडचण अशी की ज्या पिकांवर तो उभा आहे, त्यांतलीच दोन कुत्र्यासाठी विष आहेत. पहिला कांदा. मंचर, ओतूर, आळेफाट्याच्या बाजारांत तो गाड्या भरभरून येतो आणि वस्तीवस्तीवर चाळीत साठवलेला असतो. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदाही घातक ठरू शकतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला तो ७५ ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. कच्चा कांदा कुत्रा सहसा खात नाही, पण तळलेला, शिजलेला, आमटीत विरघळलेला आनंदाने खातो, आणि शिजवल्याने विष जात नाही. लसणातही तीच द्रव्ये असतात. परिणाम लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबडी किंवा चहासारखी होते, आणि तोवर चार दिवसांपूर्वीची कांद्याची भाजी कोणाला आठवत नाही.

दुसरे द्राक्ष. नारायणगावच्या परिसरातल्या बागांत तोडणीच्या दिवसांत मांडवाखाली गळलेल्या मण्यांचा सडा पडतो आणि बागेतला कुत्रा ते गोड मणी टिपत फिरतो. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत बंद पडतात. किती खाल्ले म्हणजे बाधते याचा नेम नाही. बरीच वर्षे कारण कळत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते. द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ल्यावर कुत्र्याला दिवसभरात उलट्या सुरू झाल्या तर उद्यावर न टाकता दवाखाना गाठावा, कारण सलाईनचा उपयोग मूत्रपिंडे थांबण्याआधीच होतो.

कांदा, लसूण, चिंच, मीठ, तिखट हे सगळे ज्यात एकत्र येते, ते रात्रीचे आमटीतले कालवण कुत्र्याच्या थाळीतला सर्वात वाईट पदार्थ आहे. त्याला पर्याय सोपा आहे. फोडणी देण्याआधी शिजलेल्या डाळीतून वाटीभर बाजूला काढावी आणि त्यात भाकरी कुस्करावी. मटण शिजवतानाही तेच, मसाला पडण्याआधीचे हळद घातलेले पाणी काढून ठेवावे.

बुरशीचा धोका कमी ओळखला जातो. काढणीच्या वेळी पावसात सापडलेली बाजरी, काळ्या पडलेल्या शेंगा, ओल लागलेली शेंगदाणा पेंड जनावरांना चालत नाही म्हणून कुत्र्यापुढे टाकली जाते. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष कुत्र्याचे यकृत फार लवकर निकामी करते. जे अन्न माणसाने टाकून दिले, ते कुत्र्याच्या थाळीतही नको. उसात वापरायची दाणेदार कीटकनाशके, उंदरांचे औषध आणि बागेतल्या फवारणीच्या टाकीचे उरलेले पाणीही कुत्र्याच्या वाटेत येते. त्याच्यासाठी स्वच्छ पाण्याची एक बादली वेगळी ठेवणे एवढ्यासाठीही गरजेचे आहे.

हाडांबाबत एकच ध्यानात ठेवावे, शिजलेल्या हाडांच्या कपच्या होतात, विशेषतः कोंबडीच्या, आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कच्च्या वजडीचा आणि फुप्फुसांचा धोका वेगळा आहे. मेंढ्या-शेळ्यांच्या अवयवांत पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतात. त्या कच्च्या खाल्ल्या तर कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून, मग हातांतून आणि पालेभाजीतून माणसाच्या पोटात गेली, की यकृतात तशाच गाठी होतात. मेंढरांचे वाडे बसतात त्या रानात हे चक्र सहज फिरते. वजडी देऊ नये असे नाही, ती चांगली उकळून द्यावी. शिवाय दर तीन महिन्यांनी जंताचे औषध, आणि त्यात पट्टकृमीवरचे औषध असल्याची खात्री.

अंगावरच्या गोचिडांनी कुत्रा बारीक होतो, इतकेच लोक मानतात. गोचीड रक्तात जो रोग सोडते तो जास्त मारतो. ताप, खाणे सुटणे, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त ही त्याची लक्षणे. वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने तो आटोक्यात येतो. करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल किडे थोडे दूर ठेवते, पण गोचिडांनी भरलेल्या कुत्र्याला तेवढे पुरत नाही. बैलांवर फवारायचे औषध अंदाजाने पाण्यात घालून कुत्र्याला त्यात बुडवणे मात्र जीवघेणे ठरू शकते, कारण तो अंग चाटतो. जखमेत आळ्या पडल्या तर सीताफळाच्या पाल्याचा लगदा भरण्याची पद्धत इथे सर्रास आहे. त्याने आळ्या बाहेर येतात, पण तो डोळ्यांजवळ कधीही लावू नये, आणि जखम धुऊन दवाखान्यात दाखवावीच.

लसींत रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी, यात तडजोड नाही. भारतात दरवर्षी अठरा ते वीस हजार माणसे रेबीजने दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना कुत्राच चावलेला असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांना झाडून नेणाऱ्या रोगांवरची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. डिस्टेंपर कुत्र्यापुरता राहत नाही. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले त्यामागे हाच विषाणू होता. ऊसपट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसची लसही मोलाची आहे. उंदरांच्या मुतातून ओल्या रानात पसरणारा हा रोग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९३०च्या दशकात ऊसतोड कामगारांत फैलावला होता, आणि कुकडी-घोड नद्यांच्या पाण्यावरच्या उसात उंदीर, ओल आणि उघड्या पायांची माणसे तिन्ही आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याखेरीज १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलावता येते.

कुत्र्याच्या मनाचा विचार वस्तीवर क्वचित होतो. गोठ्याच्या खांबाला चार हात साखळीने बांधलेला कुत्रा दिवसभर त्याच वर्तुळात फिरतो. तिथली माती गुळगुळीत होते, पट्ट्याखाली मान सोलवटते, आणि तो प्रत्येक हालचालीवर भुंकतो किंवा भुंकणेच सोडतो. असा कुत्रा चांगला राखण्या असतो ही समजूत चुकीची आहे. हुंगणे, हिंडणे आणि आपल्या माणसांमागे शेतावर जाणे हीच कुत्र्याची कामे. धनगरांची कुत्री मेंढरांबरोबर मैलोन्मैल चालतात, भाकरीवरच जगतात, पण त्यांना काम असते आणि सोबत असते. पाहण्यासारखा फरक आहे तो. दिवसा मोकळा, धन्याच्या मागे वावरात फिरलेला कुत्रा संध्याकाळी शांत झोपतो.

रात्रीची गोष्ट वेगळी. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो, आणि बिबट्या इथे उसात राहतो, मादी उसातच विते. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच भागाच्या गरजेतून उभे राहिले. बिबट्याच्या खाण्याचा एक नेमका अभ्यास जुन्नरला उत्तरेकडून लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीत त्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव आणि गावातल्या जनावरांचे निघाले, आणि एकट्या कुत्र्यांचे ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडली जाते, कुत्रा अंगणात राहतो. आणि तो साखळीला असेल तर त्याला पळताही येत नाही.

त्यामुळे इथे जेवणाची वेळ हाही आरोग्याचाच भाग आहे. रात्री नऊला अंगणात टाकलेला काला आजूबाजूची भटकी कुत्री आणि उंदीर गोळा करतो, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आणि चिकनच्या दुकानांची घाण रस्त्याकडेला टाकली की तेच होते. कुत्र्याचे शेवटचे खाणे दिवस मावळण्याआधी द्यावे, थाळी उचलून धुवावी आणि रात्री त्याला शेळ्यांच्या बंदिस्त गोठ्यात किंवा लोखंडी अँगल-जाळीच्या, वरूनही बंद असलेल्या खोलीत घ्यावे. भुंकून जागे करण्याचे काम तो आतूनही करतो. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोके असलेला खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. पट्ट्याने कधी जीव वाचतो, पण दाराची जागा तो घेऊ शकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात, पिल्लांसह बिबटे जागा बदलू लागतात, आणि पुढचे चार-पाच महिने ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. नर-मादीची नसबंदी केलेली असेल तर माजाच्या दिवसांत कुत्रे रात्रीबेरात्री उसातून भटकत नाहीत, हाही तिचा मोठा फायदा.

एवढे जमले की कुत्रा म्हातारा होतो, आणि वस्तीवर म्हाताऱ्या कुत्र्याचा अनुभव कमी असल्याने त्याचे काय करावे हे माहीत नसते. सात-आठ वर्षांनंतर दात झिजतात, भूक मंदावते, सांधे धरतात. प्रथिने कमी करायची नसतात, फक्त अन्न मऊ आणि दोन-तीनदा विभागून द्यायचे. भाकरी कोमट बिनमसाल्याच्या रश्श्यात अर्धा तास भिजत घातली, त्यात अंडे कुस्करले आणि थाळी विटेवर थोडी उंच ठेवली, की मान न वाकवता तो सावकाश खातो. थंडीत जमिनीवर पोत्याची दुहेरी घडी घालून त्याची जागा चुलीच्या भिंतीलगत करावी.